पहिलें कातडें

विद्यार्थ्यानें कोणतें कातडें घ्यावें, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मौंजीबंधनानंतर गुरुगृहीं निघालेल्या बटूनें कोणाचें अजिन पांघरावें, याचा निर्णय मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत दिलेला आहे. ब्राह्मणाच्या मुलास काळविटाचें, क्षत्रियाच्या मुलास रुरु नांवाच्या हरिणाचें आणि वैश्याच्या मुलास बोकडाचें, अशी ती वांटणी. त्यांतील वर्णभेद आज कोणीं मानण्याचें कारण नाहीं. तथापि नवशिक्याच्या हातीं येणारें कातडें त्याच्या लहरीवर सोडूं नये, त्यास कांहीं नियम असावा, एवढा विचार त्या वचनामागें दिसतो व तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चर्मपूरणाची, म्हणजे टॅक्सिडर्मीची, विद्या शिकूं पाहणाऱ्या तरुणापुढेंही पहिला प्रश्न हाच उभा राहतो. मुंबई व तिच्या आसपासच्या मुलखांत गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचें उत्तर कसकसें पालटत गेलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मुलखाचा थोडा परिचय करून घेऊं. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचा शिलालेख तेथें सांपडला आहे. ज्या देवाचें तें स्थान त्याचें वस्त्रच मुळीं व्याघ्रचर्म आणि गजचर्म. १८५४ त आगगाडी कल्याणास पोहोंचली आणि दोनच वर्षांनीं तिचा रस्ता बदलापुरावरून पळसदरीपर्यंत गेला. त्यामुळें मुंबईच्या बंदूकवाल्या गृहस्थांस सह्याद्रीच्या पायथ्याचें रान जवळ आलें. आज त्याच रस्त्यावर दाट वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले व १९४९ मध्यें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. रान मागें हटलें, पण अगदींच नाहींसें झालें नाहीं. २०१९ च्या जानेवारींत उल्हासनगरच्या भर वस्तींत बिबट्या शिरला आणि वनखात्याच्या माणसांस त्याला बेशुद्ध करून न्यावें लागलें. ज्या मुलखांत माणूस आणि रानचें जनावर अशीं एकमेकांच्या उंबरठ्यावर उभीं आहेत, तेथें कातड्याचा प्रश्न केवळ छंदाचा राहत नाहीं.

लोकव्यवहारांत या कलेस ‘पेंढा भरणें’ असें म्हणतात आणि एके काळीं हें नांव यथार्थ होतें. कातडें सोलावें, त्यास मीठ व तुरटी चोळावी, आंत तारा घालून पेंढा ठासावा आणि पोट शिवून टाकावें, एवढाच तो उद्योग असे. अशा रीतीनें सिद्ध झालेला वाघ पुष्कळदां फुगलेल्या लोडासारखा दिसे. त्यांतच किडीचा उपद्रव होई आणि दहा-वीस वर्षांत केस झडून जात. अठराव्या शतकांत फ्रान्समधील मेट्झ गांवच्या बेकूर नामक औषधविक्रेत्यानें सोमलाचा साबण तयार केला. त्याची कृति त्याच्या मरणानंतर प्रसिद्ध झाली आणि तेव्हांपासून कातड्यांचें आयुष्य वाढलें. पुढें १८९० मध्यें अमेरिकेंतील मिल्वॉकीच्या संग्रहालयांत कार्ल एकले या तरुण कारागिरानें मस्करॅट नांवाच्या उंदरासारख्या पाणथळ प्राण्याचें, त्याच्या घरट्यासह व गवतासह, एक दृश्य उभें केलें. याच एकलेनें नंतर मोठ्या जनावरांचे स्नायू मातींत घडवून, त्यावरून हलका पोकळ देह करून, त्यावर कातडें चढविण्याची रीत पूर्णत्वास नेली. येथून पुढें भरणाऱ्याची जागा घडविणाऱ्यानें घेतली. एवढी मोठी क्रांति करणाऱ्या माणसाच्या कीर्तींत एका लहानशा प्राण्याचाही वांटा आहे, हें शिकाऊ मंडळींनीं विसरूं नये.

आपल्या देशांत या कलेचा पहिला आश्रयदाता शिकारी हा होता. संस्थानिक, इंग्रज अंमलदार आणि चहाच्या मळ्यांचे मालक यांनीं मारलेलीं जनावरें दिवाणखान्यांत मांडण्याची चाल पडली. म्हैसूर येथें १९०० च्या सुमारास निघालेला व्हॅन इंगेन यांचा कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. वाघ व बिबटे यांचीं हजारों कातडीं त्यांच्या हाताखालून गेलीं. या काळांत शिकाऊ माणसानें कातडें निवडण्याचा प्रश्नच नव्हता. साहेबानें जें मारलें तें यावयाचें आणि तें बिघडलें तर त्याची भरपाई कोणी करूं शकत नसे. शिवाय तें कारखान्यांत येण्यापूर्वींच पुष्कळदां बिघडलेलें असे. तंबूंत घाईनें सोललेलें, उन्हांत वाळत घातलेलें, कान व ओंठ यांच्या घड्यांत मीठ न पोहोंचलेलें असें कातडें भिजविलें, कीं त्याचे केस मुठीनें हातीं येत. सौंदर्य आणि प्रतिष्ठा पाहून निवडलेलें कातडें कारागिराच्या दृष्टीनें बहुधा वाईट असतें, हा धडा त्या काळानें दिला. परंतु तो धडा देण्यासाठीं किती जनावरें खर्चीं पडलीं, याचा हिशेब मन खिन्न करणारा आहे.

दुसरें उत्तर संग्राहकांनीं दिलें. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं मुंबईच्या राणीच्या बागेंतील संग्रहालयांत, आज ज्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे तेथें, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते. एक प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. आपण पाहिलेल्या जीवांविषयीं टिपणें वाचावीं आणि नमुने एकमेकांस दाखवावे, एवढाच प्रारंभीं त्यांचा उद्देश होता. पुढें फिप्सन नांवाच्या मद्यविक्रेत्यानें आपल्या दुकानांतील खोली देऊं केली, नमुने वाढले आणि १८८६ मध्यें संस्था अपोलो स्ट्रीटवर गेली. येथें कातड्याची किंमत निराळ्या मापानें होऊं लागली. वाघाचें कातडें दिवाणखान्याची शोभा वाढवील, पण खारीचें वा उंदराचें कातडें शास्त्रास एकादी नवी गोष्ट सांगेल, अशी ती दृष्टि होती.

याच अपोलो स्ट्रीटवरील इमारतींत १९०८ सालीं एक बारा वर्षांचा मुलगा आला. त्यानें खेळण्यांतल्या हवेच्या बंदुकीनें एक चिमणी मारली होती आणि तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून ती कोणती, हें विचारावयास त्याच्या मामांनीं त्यास पाठविलें होतें. संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनीं ती पीतकंठी रानचिमणी असल्याचें सांगितलें, संग्रहांतील पक्ष्यांचे खण उघडून दाखविले आणि पक्ष्यांचीं कातडीं काढून टिकविण्याची विद्या शिकण्याची सोय करून दिली. तो मुलगा म्हणजे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली. त्यांच्या आत्मचरित्राच्या नांवांतही ती चिमणी येऊन बसली आहे. चिमणीएवढ्या पांखराचें कातडें ओल्या कागदासारखें नाजूक असतें. परंतु त्याबरोबरच डोळा सूक्ष्म होतो, बोटांस धीर येतो आणि पिसांच्या रांगा अंगावर कोठें उगवतात व कोठें उगवत नाहींत, हें समजतें.

असेंच एक उदाहरण युरोपांत यापूर्वीं घडलें होतें. १८२६ मध्यें एडिंबरो येथें वैद्यकी शिकत असलेल्या चार्लस डार्विन यानें जॉन एडमन्स्टन नांवाच्या, दास्यांतून मुक्त झालेल्या एका कृष्णवर्णीय कारागिराकडे पैसे देऊन पक्षी टिकविण्याचे धडे घेतले. हा एडमन्स्टन गियानाचा. त्यानें ही कला वॉटर्टन या इंग्रज प्रवाशापाशीं संपादिली होती. वैद्यकी डार्विनला साधली नाहीं. हे धडे मात्र त्याच्या समुद्रप्रवासांत कामीं आले. तरी त्याच डार्विनला १८३५ मध्यें गालापागोस बेटांवर एक गोष्ट नडली. तेथील लहान पक्ष्यांचीं कातडीं त्यानें काढलीं, परंतु कोणतें कातडें कोणत्या बेटावरील, याची नोंद त्यानें वेळींच वेगळी ठेवली नाहीं. पुढें त्या पक्ष्यांचें महत्त्व ध्यानीं आलें तेव्हां जहाजावरील इतरांनीं जपून चिठ्ठ्या लावलेल्या नमुन्यांचा त्यास आधार घ्यावा लागला. सोलण्याची कला त्यास येत होती; पण चिठ्ठी राहिल्यामुळें कातड्याची अर्धी किंमत गेली.

मुंबईच्या संस्थेनें हा नियम कटाक्षानें पाळला. १९११ मध्यें तिनें हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली आणि ती १९२३ पर्यंत चालली. पहिला अहवाल आपल्याच खानदेशावर आहे. क्रम्प, शॉर्टरिज, बाप्टिस्टा, प्रेटर यांसारख्या संग्राहकांनीं रानोमाळ हिंडून जें गोळा केलें त्यांत उंदीर, घुशी, चिचुंद्र्या, खारी आणि वटवाघळें यांचाच भरणा फार. प्रत्येक कातड्यास चिठ्ठी असे व तीवर ठिकाण, तारीख, नर कीं मादी, शरीर, शेपूट, मागील पाऊल आणि कान यांचीं मापें लिहिलेलीं असत. मापें सोलण्यापूर्वीं घ्यावीं लागतात, कारण सोललेलें कातडें ओढावें तितकें लांबतें. यांपैकीं प्रेटर यांनीं पुढें संस्थेचे व्यवस्थापक या नात्यानें मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयांत, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, प्राण्यांचीं दालनें सजविण्यास मोठा हातभार लावला. तेथील कांचेआड उभीं असलेलीं जनावरें पाहून तीन पिढ्यांच्या मुलांनीं रान पाहिल्याचें समाधान मानलें आहे.

संग्राहकाचें उत्तर शिकाऱ्याच्या उत्तराहून पुष्कळ वरच्या दर्जाचें होतें यांत शंका नाहीं. पण दोघांच्याही हातीं बंदूक होती. तिसरें उत्तर कायद्यानें दिलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित जनावर मारणें तर गुन्हा ठरविलेंच, शिवाय तें मेलेलें सांपडलें तरी सरकारची मालमत्ता ठरविलें आणि चर्मपूरणाचा धंदा परवान्यावांचून करूं नये असें बंधन घातलें. बारवी धरणाच्या रस्त्यावर रात्रीं मोटारीखालीं सांपडलेलें उदमांजर सकाळीं बदलापूरच्या एकाद्या होतकरू विद्यार्थ्यास दिसलें, तर तें उचलून घरीं नेण्याचा अधिकार त्यास नाहीं; वनखात्यास कळविणें एवढेंच त्याचें काम. मेलेल्या जनावराचा उपयोग केला तर बिघडलें कोठें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु मेलेलें सांपडलें कीं मारून ‘सांपडविलें’, हें कातड्याकडे पाहून ओळखतां येत नाहीं. एकदां ही पळवाट उघडली, कीं तिच्यांतून फांसे लावणारा पारधीच प्रथम शिरेल. कायद्याची ही कठोरता शिकणाऱ्यावरील अविश्वासामुळें नसून बाजारावरील अविश्वासामुळें आहे.

मग या कायद्याखालीं कला जगावी कशी? याचें एक समर्पक उत्तर मुंबईंतच मिळालें. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचना शिकविणारे डॉ. संतोष गायकवाड यांस वर सांगितलेलें संग्रहालयाचें दालन पाहून या विद्येची ओढ लागली. त्यांनीं पक्ष्यांपासून आरंभ करून ती हस्तगत केली. आणि २००९ मध्यें बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत वनखात्याचें चर्मपूरण केंद्र उभें राहिलें. वार्धक्यानें, रोगानें वा अपघातानें मेलेले वाघ, सिंह, बिबटे यांचीं कातडीं अधिकाऱ्यांच्या परवानगीनें तेथें येतात व शिक्षणासाठीं उभीं राहतात. येथें मृत्यु आधीं घडतो आणि कातड्याचा विचार मागाहून होतो. शिकारीच्या काळीं हा क्रम उलटा होता.

परंतु वाघ-सिंहांचीं कातडीं हें सिद्धहस्तांचें काम. नवशिक्यानें काय घ्यावें? स्मृतिकारांच्या तीन कातड्यांकडे पुनः पाहिलें तर मौज वाटते. काळवीट कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत गेला, हरिणें संरक्षित झालीं आणि राहिला तो बोकड. कलेच्या दृष्टीनें पाहतांही बोकड किंवा शेळी हीच आरंभास उत्तम. कातडें दणकट असतें, सुरी थोडी चुकली तरी लगेच फाटत नाहीं. केस मध्यम लांबीचे असल्यामुळें टांका झांकला जातो, आणि उस्मानाबादी शेळीसारखा काळा रंग असेल तर तो अधिकच लपतो. शिवाय तें जनावर आपल्यासाठीं मारलेलें नसून खाटकाकडे मांसासाठीं कापलेलें असतें. मात्र खाटकास आधीं सांगून ठेविलें पाहिजे. आपल्याकडे मुंडी भाजून देण्याची चाल आहे. भाजलेल्या मुंडीचा या कामीं कांहींच उपयोग नाहीं. गळ्याचा काप जबड्याच्या अगदीं जवळ नसावा आणि मानेचें कातडें होईल तितकें लांब राखलेलें असावें. कान, पापण्या व ओंठ शाबूत आहेत कीं नाहीं हें उजेडांत पाहून घ्यावें, कारण मुद्रेवरील सारा जिवंतपणा याच तीन ठिकाणीं असतो.

पक्ष्यांचा नाद असेल त्यानें गांवठी कोंबडी घ्यावी. बॉयलर कोंबडी स्वस्त खरी, पण ती अवघ्या सहा आठवड्यांची. पिसें पुरीं फुटलेलीं नसतात व कातड्याखालीं चरबीचा थर असतो. ही चरबी पुरी खरवडली नाहीं तर ती पुढें पाझरते आणि पिसें पिंवळीं पडतात. कोंबडा दिसावयास डौलदार, परंतु त्याचा तुरा व गलोल वाळून सुरकुततात आणि ते कृत्रिम करून लावावे लागतात. म्हणून पहिल्या प्रयत्नास कोंबडीच बरी. पाळींव कबूतर अनेकांस सोपें वाटतें, पण त्याचीं पिसें हात लागतांच गळतात. बदकास चरबी फार. पाळींव सशाचे केस टांके झांकतात, पण कातडें इतकें पातळ कीं जरा ओढलें तर फाटतें. त्याची पाळी तिसरी किंवा चौथी यावी. रानांतील ससा, खार, मैना, पोपट यांचा तर विचारही करूं नये. आजारानें अकस्मात् मेलेलें कोंबडें वा गटारांतील उंदीर यांना हात लावूं नये. बर्ड फ्लू व लेप्टोस्पायरोसिस हे रोग मेलेल्या जनावरापासूनही जडतात.

तिसरी कसोटी ताजेपणाची. पोट हिरवें पडलें, कीं तेथील केस सुटूं लागतात आणि मग कोणताही उपाय चालत नाहीं. पोटावरील व कानामागील केस चिमटींत धरून हलके ओढून पाहावे. हातीं आले तर तें कातडें सोडून द्यावें. उल्हास खोऱ्यांत आषाढ-श्रावणांत हवा इतकी दमट असते कीं कातड्याचें पाणी सुटण्याऐवजीं मीठच पाणी ओढून घेतें व बुरशी चढते. त्यामुळें कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ या कामास योग्य. बारीक कोरडें मीठ केसाळ कातड्यास आणि टाकणखार पक्ष्याच्या कातड्यास, एवढ्यानें प्रारंभीं भागतें. सोमलाचा साबण आतां वापरूं नये. जुन्या संग्रहांतील नमुन्यांत तो अद्याप मुरलेला आहे, म्हणून त्यांस हातमोज्यांवांचून स्पर्श करूं नये.

एवढी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आपल्या संग्रहालयांत शंभर वर्षांपूर्वींचीं जीं जनावरें उभीं आहेत त्यांस समुद्राच्या दमट हवेनें भेगा पडतात, कसर लागते, रंग उडतो. त्यांच्या जागीं दुसरीं आणावयाचीं तर पुनः बंदूक उचलावी लागेल, आणि ती तर आपण खालीं ठेविली आहे व ठेविली हें योग्यच झालें. तेव्हां आहेत तींच जपलीं पाहिजेत, आणि जपणारे हात फार थोडे आहेत. हे हात तयार व्हावयाचे ते कोठून तरी आरंभ करूनच. ज्याचें पहिलें कातडें चोरीचें, त्याच्यामुळें साऱ्या कलेस कलंक लागतो. ज्याचें पहिलें कातडें नासलेलें, तो कंटाळून दुसरें हातीं घेत नाहीं. आणि ज्याचें पहिलें कातडें फार सुंदर, तो त्याच्या सौंदर्यावर विसंबून स्वतःच्या चुका पाहत नाहीं. साध्या शेळीची मुंडी या तिन्ही दोषांतून त्यास वांचविते.

आणि ती मुंडी पुरी झाल्यावर तिलाही चिठ्ठी बांधावी. कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, कोणाकडून मिळाली, नर कीं मादी, मापें काय, हें तीवर स्वच्छ अक्षरांत लिहावें. शेळीची नोंद शास्त्रास कदाचित् कधींच लागणार नाहीं. पण जो शेळीचा हिशेब ठेवतो, त्याच्याच हातीं उद्यां वनखातें एकादा बिबट्या विश्वासानें सोंपवील.